ॲन्झॅक बिस्किटाला कुकी म्हणू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात ‘झटपट ॲन्झॅक कुकीज’ ही पाककृती आली. साहित्यात एक अंडं, मूठभर चॉकलेटचे तुकडे आणि ‘दोन टेबलस्पून गोल्डन सिरप किंवा मध’. खाली चौकटीत माहिती, की पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या खंदकांत लढणाऱ्या मुलांना त्यांच्या आया हीच बिस्किटं करून पाठवत. मी हे सकाळच्या चहाबरोबर फोनवर वाचलं आणि नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘संपादकांना लिही बाई, नाहीतर आठवडाभर मलाच ऐकावं लागेल.’’ तेव्हा हे पत्र माझ्याइतकंच त्याच्याही सोयीचं आहे.

मी मूळची सांगलीकडची. गेली २९ वर्षं ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या बॅलरॅट गावात राहते. त्यातली १७ वर्षं वृद्धांच्या एका निवासाच्या स्वयंपाकघरात काढली आणि दरवर्षी एप्रिलचा तिसरा आठवडा ओट्स, खोबरं आणि गोल्डन सिरप यांतच गेला. वर्षाला चारशेच्या खाली बिस्किटं कधी झाली नाहीत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी २० एप्रिल उजाडला की हात आपोआप ओट्सच्या बरणीकडे जातो.

आधी नावाचं बोलते, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे. ॲन्झॅक म्हणजे ‘ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोअर’ याची आद्याक्षरं. ही फौज २५ एप्रिल १९१५ रोजी पहाटे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली. आठ महिने तिथे कड्याकपारींना चिकटून राहिली, हजारो पोरं गेली आणि शेवटी माघार घेऊन परतली. त्या हरलेल्या मोहिमेचा हा दिवस या दोन्ही देशांत दरवर्षी ‘ॲन्झॅक डे’ म्हणून पाळतात. अंधारात लोक स्मारकापाशी उभे राहतात, बिगुल वाजतो, कोटाला रोझमेरीची डहाळी टाचलेली असते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, इतक्या पहाटे थंडीत कोण येणार? गाडी लावायला जागा मिळाली नाही.

तर हा शब्द ऑस्ट्रेलियात १९२१ च्या नियमांनी राखून ठेवलेला आहे. धंद्यासाठी तो वापरायचा तर माजी सैनिकांच्या खात्याच्या मंत्र्यांची परवानगी लागते. आपल्या घराला, होडीला किंवा गाडीला ‘ॲन्झॅक’ असं नाव देऊन पाटी लावायचीही मुभा नाही. न्यूझीलंडमध्ये तर हा शब्द १९१६ पासून, म्हणजे युद्ध चालू असतानाच, संरक्षित आहे. बिस्किटांना सवलत दिलेली आहे, पण तिलाही अटी आहेत: कृती आणि आकार साधारण पारंपरिक हवा आणि विकायचं ते ‘बिस्किट’ म्हणून. ‘ॲन्झॅक कुकी’ म्हटलेलं सरकारला चालत नाही, कारण कुकी हा शब्द अमेरिकी वळणाचा. चॉकलेट घातलेलं बिस्किट ॲन्झॅक म्हणून विकायला काढलं तर तेही त्या अटींत बसत नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, एका बिस्किटासाठी एवढा कायदा! मलाही सुरुवातीला हसू यायचं. आणि हेही कबूल, की हा कायदा विकणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या वाचकांच्या घरात डोकावायला कॅनबेराहून कुणी येणार नाही. पण गूळ न घालता केलेल्या वडीला आपण तिळगूळ म्हणू का? चव कितीही चांगली असो, कुणीतरी विचारणारच, ‘‘अगं, यात गूळ कुठाय?’’

हे मी शहाणपणानं सांगते आहे असं समजू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तीही जिथे करू नये तिथे.

कामाला लागले त्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. मुख्य आचारी रजेवर होता आणि बिस्किटांचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, आपल्या हातची चव दाखवायची हीच वेळ. वेलदोड्याची ताजी पूड केली, पिस्त्याचे काप वर लावले, थोडं केशरही भिजवून घातलं. दिसायला इतकी देखणी झाली की मी मोबाइलवर फोटो काढून सांगलीला बहिणीला पाठवला. दुपारच्या चहाला ट्रॉली घेऊन निघाले. बारा नंबरच्या खोलीत एक आजी होत्या. इथे कुणी कुणाला आजी म्हणत नाही, ऐंशीच्या बाईलाही नावानं हाक मारतात. मी मनातल्या मनात आजीच म्हणायचे. त्यांनी एक बिस्किट घेतलं, चष्मा लावून वरचा पिस्ता बघितला, एक तुकडा तोडून खाल्ला.

‘‘फार छान झालंय,’’ म्हणाल्या. ‘‘हे काय आहे?’’

मी अभिमानानं म्हटलं, ‘‘ॲन्झॅक.’’

‘‘नाही गं,’’ त्या म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नव्हता. उरलेलं बिस्किट त्यांनी बशीत ठेवलं नाही, शेवटपर्यंत खाल्लं. पण ‘नाही’ म्हणजे नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आईची कृती तोंडी सांगितली. मी ऑर्डरच्या कागदाच्या पाठीमागे लिहून घेतली. माप कपाचं होतं, वजन कुठेच नाही. ‘‘बटर? अंड्याएवढं,’’ म्हणाल्या. मी विचारलं, अंडं किती घालायचं? तर हसायलाच लागल्या. अंडं फक्त बटरच्या गोळ्याचं माप सांगायला होतं. त्यांचे वडील युद्धावरून परत आलेल्यांपैकी. बॅलरॅटच्या पश्चिमेला रस्त्याच्या दुतर्फा सुमारे २२ किलोमीटर झाडं आहेत, तीन हजारांहून जास्त. गावातून आणि आसपासच्या भागातून सैन्यात भरती झालेल्या प्रत्येकाच्या नावाचं एक झाड, खाली नावाची छोटी पट्टी. १९१७ ते १९१९ या काळात ती लावली गेली आणि त्यात पुढाकार होता लुकास नावाच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या मुलींचा. दिवसभर शिवणकाम करणाऱ्या पोरींनी हे उभं केलं. आजींच्या वडिलांचं झाड त्यातच आहे. मी तोवर त्या रस्त्यानं दहा वेळा गाडी नेली असेल, झाडांकडे सावली म्हणूनच बघितलं होतं.

असो. आता तुमच्या चौकटीतल्या माहितीकडे येते. आयांनी गॅलिपोलीला बिस्किटं पाठवली ही गोष्ट इथेही घराघरांत सांगतात, शाळेत मुलांना सांगतात, बिस्किटाच्या पुड्यांवरही ती वाचायला मिळते. गोष्ट गोड आहे, पण या बिस्किटाच्या बाबतीत तिला धड पुरावा नाही. गॅलिपोलीतल्या शिपायाच्या वाट्याला जे बिस्किट यायचं ते वेगळंच: पीठ, पाणी, मीठ यांचं, चौकोनी, फरशीसारखं. पाव टिकत नाही म्हणून पावाच्या जागी ते द्यायचे. दात पडतील इतकं कडक. शिपाई ते चहात भिजवत किंवा कुटून त्याची लापशी करत. काहींनी तर त्यावर शाईनं मजकूर लिहून, चित्रं काढून घरी पाठवली. तसली बिस्किटं कॅनबेराच्या युद्धस्मारक संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहेत. शंभर वर्षांत त्यांना काही झालेलं नाही, यावरून ती खाणाऱ्याचं काय होत असेल ते समजावं.

गोड बिस्किटाचा इतिहास जरा गुंतागुंतीचा आहे. १९१७ साली सिडनीत युद्धनिधीसाठी निघालेल्या पाककृतींच्या पुस्तकात ‘ॲन्झॅक बिस्किट’ नावाचा पदार्थ आहे, पण तो आजच्यासारखा नाही. आजच्या बिस्किटाच्या जवळ जाणारी कृती त्याच पुस्तकात आहे, पण ‘रोल्ड ओट्सची बिस्किटं’ अशा साध्या नावाखाली! नाव आणि पदार्थ यांची गाठ पडलेली दिसते ती न्यूझीलंडमधल्या डुनेडिनच्या एका पुस्तकात, १९२१ च्या सुमारास, ‘ॲन्झॅक क्रिस्पीज’ म्हणून. त्यामुळे न्यूझीलंडवाले म्हणतात बिस्किट आमचं आणि ऑस्ट्रेलियावाले म्हणतात आमचं. पावलोव्हा नावाच्या केकवरूनही त्यांचं असंच भांडण आहे. त्यात आपण पडू नये. गंमत म्हणजे सुरुवातीच्या कृतींत खोबरं नव्हतंच, ते नंतर आलं. तेव्हा ‘मूळ’ कृतीचा फार अभिमान कुणी बाळगू नये, मीही नाही. ओट्सची बिस्किटं घरोघरी भाजली जात होती, युद्धनिधीच्या जत्रांत आणि विक्रीत खपत होती, एवढं खरं. त्यातला मोठा वाटा खंदकात न जाता इथल्याच लोकांच्या पोटात गेला.

गॅलिपोलीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते, कारण आपल्या वाचकांना हे कुणी सांगत नाही. त्या किनाऱ्यावर भारतीयही होते. डोंगरी तोफखान्याच्या तुकड्या, खेचरांचे तांडे, शीख आणि गुरखा पलटणी, सगळे मिळून १५ हजारांच्या आसपास. डोंगरी तोफा तर पहिल्याच दिवशी ॲन्झॅक फौजेबरोबर उतरल्या. आणि ती फरशीसारखी बिस्किटं चावून कंटाळलेले ऑस्ट्रेलियन शिपाई मुरंब्याचे डबे देऊन आपल्या लोकांकडून गरम चपात्या घेत. आपल्या मराठा पलटणी तिथे नव्हत्या. त्यांतल्या काही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत गावाच्या वेढ्यात उपाशी अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. २५ एप्रिलनंतर चार दिवसांनी येणारी ही तारीख सांगलीत असताना मला ठाऊक नव्हती.

आता अंडं. याचा मी बराच विचार केला आणि मला वाटतं चोर सापडला. तो टेबलस्पूनमध्ये लपलेला आहे.

तुमच्या कृतीतली मापं ऑस्ट्रेलियन कृतींसारखीच आहेत: एक कप ओट्स, एक कप मैदा, एक कप खोबरं, १२५ ग्रॅम बटर, दोन टेबलस्पून सिरप. हे १२५ ग्रॅम बघूनच मी ओळखलं, कारण इथे बटरची वडी २५० ग्रॅमची असते आणि अर्धी वडी घ्यायची पद्धत आहे. पण ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो. जगात बहुतेक ठिकाणी तो १५ चा. शेजारच्या न्यूझीलंडमध्येसुद्धा १५ चाच. भारतात मिळणारे मापाचे चमचे मी आणून ठेवलेत, तेही १५ चेच. म्हणजे इथले दोन टेबलस्पून ४० मिलिलिटर झाले आणि तुमच्याकडे ३०. सिरप चौथ्या हिश्श्यानं कमी पडलं. आता या बिस्किटात सगळं धरून ठेवणारा पदार्थ सिरपच आहे, दुसरं काही चिकट त्यात नाही. ते कमी पडलं की पीठ भुसभुशीत होतं, गोळा वळताना फुटतो. मग करणाऱ्याला वाटतं, काहीतरी बांधणारं हवं, आणि हात जातो अंड्याकडे. अंडं आलं की पीठ सैल, केकाच्या वळणावर जाणार. मग चव जरा रंगतदार करायला चॉकलेट. अशी एकातून एक निघत गेली असणार. पाककृती लिहिणाऱ्या ताईंवर माझा राग नाही, फसवलं त्यांना चमच्यानं.

माझ्या सासूबाई इथे सहा महिने राहून गेल्या तेव्हा बाजारातल्या प्रत्येक बिस्किटाचा पुडा माझ्याकडून वाचून घ्यायच्या: यात अंडं आहे का? ॲन्झॅक बिस्किट त्यांना पहिल्याच दिवशी पटलं. अंडं नाही म्हणून टिकतंही जास्त. डबा घट्ट असला तर दोन-तीन आठवडे काही होत नाही. गोल्डन सिरप चाखून त्या म्हणाल्या, ‘‘ही तर काकवी.’’ अगदी तशी नाही. साखर शुद्ध करताना निघणाऱ्या पाकापासून ते करतात, रंग मधासारखा, वास खरपूस साखरेचा, आणि त्याची साखर धरत नाही. काकवी त्याहून काळी, तिला गुऱ्हाळाचा वास आणि किंचित खारटपणा. पण नातं जवळचं आहे. जुन्या कृतींत कधी कधी ट्रीकल म्हणून काळं, दाट सिरप सांगितलेलं असतं, तो काकवीचा सख्खा भाऊच म्हणा. भारतात गोल्डन सिरप मिळालं नाही तर मधापेक्षा काकवी बरी, असं माझं मत आहे.

हे मत मी फुकट बनवलेलं नाही. एका वर्षी २४ एप्रिलच्या रात्री बघते तर सिरपचा डबा रिकामा. व्हिक्टोरियात ॲन्झॅक डेच्या दिवशी बहुतेक दुकानं दुपारी एकपर्यंत बंद असतात, आणि मला बिस्किटं सकाळी दहाला हवी होती. घरात मध होता, तो घातला. बिस्किटं ओव्हनमध्ये फार लवकर लाल झाली, कडा करपल्या, आतून कच्चट राहिली आणि खाताना मधाशिवाय दुसरी चवच येईना. खाल्ली सगळ्यांनी, पण बारा नंबरच्या आजी तोवर गेल्या होत्या ते बरंच झालं.

आता मी कशी करते ते सांगते. ओट्स रोल्ड घ्यायचे, म्हणजे चपटे, पूर्ण पाकळीचे. झटपट शिजणारे बारीक ओट्स पाणी पिऊन बसतात आणि बिस्किट कोरडं होतं. एक कप ओट्स, एक कप मैदा, एक कप सुकं, बारीक, बिनसाखरेचं खोबरं, पाऊण कप ब्राउन शुगर दाबून भरलेली. इथला कप २५० मिलिलिटरचा. हे सगळं मोठ्या भांड्यात हातानं मिसळायचं, साखरेच्या गुठळ्या बोटांनी फोडायच्या. खोबऱ्याबाबत आपल्या लोकांना एक मोह होतो, तो मलाही झाला होता: ओला नारळ खवून घालायचा. घालू नका. त्यातल्या पाण्यानं बिस्किट कधी कुरकुरीत होतच नाही, दुसऱ्या दिवशी बर्फीसारखं मऊ पडतं आणि चौथ्या दिवशी बुरशी धरतं. सुकी वाटी किसून चालेल, पण वाटी ताजी हवी. खवट वाटीचा वास ओव्हनमध्ये दुप्पट होतो.

दुसरीकडे पातेल्यात १२५ ग्रॅम बटर आणि ४० मिलिलिटर सिरप मंद आचेवर वितळवायचं. उकळी आणायची नाही, वितळून एकजीव झालं की बस. पातेलं गरजेपेक्षा मोठं घ्या, कारण पुढची गंमत त्याच्यातच आहे. वाटीत एक टीस्पून खाण्याचा सोडा घेऊन त्यावर दोन टेबलस्पून उकळतं पाणी ओतायचं आणि ते लगेच गरम सिरपमध्ये घालायचं. घातल्याबरोबर सगळं फसफसून वर येतं. खाली सोनेरी तेलासारखं दिसणारं मिश्रण बघता बघता फिकट, दुधाळ होतं आणि पातेल्याच्या कडेपर्यंत फेस चढतो. लहान पातेलं असेल तर शेगडीवर सांडतं आणि ते सिरप खरवडणं म्हणजे शिक्षा आहे. फेस चढलेला असतानाच ते कोरड्या जिन्नसांवर ओतून लाकडी डावानं कालवायचं. थांबलात तर फेस बसतो. सोडा हे बिस्किट फुलवतो तेवढंच काम करत नाही, त्याच्यामुळे रंगही गडद, खरपूस येतो. म्हणून हात सैल सोडून जास्त घातला तर बिस्किट काळपट होतं आणि जिभेला साबण लागतो.

पीठ ओलसर, पण हाताला फार न चिकटणारं व्हायला हवं. लहान लिंबाएवढे गोळे वळून बेकिंग पेपरवर पाच-पाच सेंटिमीटर अंतर ठेवून मांडायचे आणि दोन बोटांनी हलके दाबायचे. ओव्हन १६० अंशांवर तापवून ठेवलेला. पंख्याचा असेल तर १५०. बारा ते पंधरा मिनिटं. इथे धीर लागतो, कारण बाहेर काढताना बिस्किट मऊच असतं. बोट लावलं तर खड्डा पडतो. नवीन माणसाला वाटतं, कच्चं राहिलं, आणि तो परत आत ढकलतो. मी पहिल्या वर्षी तेच केलं. थंड झाल्यावर ती सैन्यातल्या बिस्किटांच्या तोडीची झाली. कडा लालसर आणि मधे सोनेरी दिसलं की काढायचं, ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्यायचं, मग पापुद्र्यासारख्या चपट्या उलथन्यानं जाळीवर. थंड होताना ती कडक होत जातात आणि वरचा पृष्ठभाग आपोआप आक्रसून बारीक भेगा पडतात. कान जवळ नेला तर कडकड ऐकू येते. एवढ्या मापात २२-२४ होतात. पहिलं बिस्किट गरम असतानाच खायचं असतं, ते स्वयंपाक करणाऱ्याचं.

कडक बरं की मऊ, यावर इथे घरं फुटतात. ब्राउन शुगर आणि कमी वेळ म्हणजे मऊ, चिवट. पांढरी साखर आणि दोन-तीन मिनिटं जास्त म्हणजे खुसखुशीत. आमच्या निवासात मऊ करणं भाग होतं, निम्म्यांना कवळ्या होत्या आणि घास अडकण्याची भीती. पण बारा नंबरच्या आजींना कडकच हवं असायचं. नियमानं मी देऊ शकत नव्हते. मग त्यांनीच तोड काढली: ट्रेच्या कोपऱ्यातलं, सगळ्यात जास्त भाजलेलं त्यांच्यासाठी काढून ठेवायचं आणि त्या ते माझ्यासमोर चहात बुडवून खाणार. मनातल्या मनात आकडे मोजत बुडवायच्या. सातापर्यंत गेलं तर तुटून कपात पडतं, पाचावर काढायचं. एकदा बोलता बोलता सात झाले आणि बिस्किट बुडालं. चमच्यानं तळातून काढून खाल्लं त्यांनी.

एवढं सगळं लिहून मागणं काय, तर दोनच गोष्टी. पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा, की टेबलस्पून २० मिलिलिटरचा समजावा आणि अंडं वगळावं. सिरप तोलून घ्यायचं असेल तर ४० मिलिलिटर म्हणजे ५५ ग्रॅमच्या आसपास. आणि नाव. चॉकलेट, वेलदोडा, पिस्ता, काय हवं ते घाला. माझ्या त्या केशरी बिस्किटांचं आमच्या घरी आता ‘आईची ओट्स नानखटाई’ असं नामकरण झालंय आणि मुलगी दिवाळीला तीच मागते. तुमच्या ताईंनीही आपल्या कृतीला स्वतःचं नाव द्यावं, कुणी हरकत घेणार नाही.

पत्र लांबलं, कात्री लावायला मुभा आहे. फक्त चमच्याचा परिच्छेद कापू नका.

आपली,
एक वाचक,
बॅलरॅट, व्हिक्टोरिया

ता. क. — ज्यांनी तुमच्या कृतीनं पीठ कालवून ठेवलंय आणि गोळा फुटतोय म्हणून आता अंड्याला हात घातलाय, त्यांनी तो मागे घ्यावा. एक चमचा सिरप एक चमचा उकळत्या पाण्यात मिसळून पिठावर शिंपडा, पाच मिनिटं झाकून ठेवा, मग ओल्या हातानं वळा.